एकेचाळीस शब्दांची घरं

“यातले माये किती?”

गोपिकाबाईंनी पुस्तिकेवरची नजर न काढता विचारलं.

दामोदर भुयार सरांना प्रश्न नीट ऐकू आला होता. तरी ते म्हणाले, “काय, बाई?”

“तीनशे शब्द हाय म्हणतो न तू यात. इंग्रजीतले, लोकं चुकीचे बोलतात ते. त्यातले माये, मी शिकवलेले, किती?”

सर गप्प बसले.

हे गप्प बसणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. अमरावतीत त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता आणि उच्चारांच्या बाबतीत त्यांचा दरारा होता. हॉटेलातला वेटर असो की लग्नातला व्याही, चुकीचा उच्चार कानावर पडला की सर तिथल्या तिथे दुरुस्त करत. बायकोनं तर घरात इंग्रजी शब्द वापरणंच सोडून दिलं होतं. फ्रिजला ती ‘थंड कपाट’ म्हणायची. सर हे चारचौघांत कौतुकानं सांगत. त्यात कौतुकाचं काही नव्हतं, पण हे त्यांना सांगणार कोण?

या सरांनी वीस वर्षं खपून एक पुस्तिका तयार केली होती. पहिल्या रकान्यात चुकीचा उच्चार, दुसऱ्यात बरोबर, तिसऱ्यात तो शब्द इंग्रजीत आला कुठून त्याची हकिकत. सोमवारी ती छापखान्यात जाणार होती. बायको म्हणाली, आधी गुरूच्या पायाशी ठेवून या. म्हणून तिची टाचलेली कच्ची प्रत घेऊन सर आज पूर्णेच्या काठावरच्या या लहानशा महानुभाव मठात आले होते.

गोपिकाबाई त्यांच्या पहिल्या इंग्रजीच्या बाई. शेवतीखेडच्या शाळेतल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दीक्षा घेतली. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्याजवळ दोन लुगडी, एक झोळी आणि एक पितळी गडवा होता.

“किती रे?”

“एकेचाळीस,” सर म्हणाले.

आकडा चटकन आला. मोजलेला असल्याशिवाय असा येत नाही, हे दोघांनाही कळलं.

“मले वाटलं शंभर तरी असतील,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं. मग परत मागे आल्या. “तुयं पुस्तक तिसऱ्या पानापासून चालू होते काय?”

“पहिलं पान… छापायचं राहिलंय.”

खोटं होतं ते. पहिलं पान सरांच्या शर्टाच्या खिशात होतं, चार घड्या घालून. एसटी स्टँडवर उतरल्यावर त्यांनीच ते टाचण्यांतून ओढून काढलं होतं. त्यावर प्रस्तावना होती आणि प्रस्तावनेत अशी वाक्यं होती: ‘गावच्या शाळेत मला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना स्वतःलाच इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझ्या जिभेवर घातलेली घाण उपसायला मला बारा वर्षं लागली.’

लिहिताना सरांना ती वाक्यं फार बाणेदार वाटली होती. मठाच्या ओसरीवर, बाईंच्या समोर, तो कागद त्यांना छातीला टोचत होता.

“हा कोलोनेल,” बाई बोट ठेवून म्हणाल्या. “हा कसा म्हणतात?”

“कर्नल.”

“यात र कोठी हाय?”

आता सर खुलले. ही त्यांची आवडती हकिकत होती. शब्द मूळचा इटलीचा, ते सांगू लागले. तिथं त्यात ल होता. तिथून तो फ्रान्सात गेला, फ्रेंचांच्या जिभेवर ल चा र झाला. इंग्रजांनी लिहायला ल ठेवला आणि बोलायला र.

“म्हणजे फ्रेंच लोकं चुकले?”

“तसं… म्हणता येईल.”

“अन् ती चूक इंग्रजाईनं बरोबर धरली.”

“हो.”

“मंग पुढचा सांग.”

सर सांगत गेले. बेटाला जो इंग्रजी शब्द आहे त्यात एक स लिहितात. तो बोलायचा नाही. मुळात त्या शब्दात स नव्हताच. पंडितांना वाटलं की शब्द लॅटिन घराण्यातला आहे, म्हणून त्यांनी आपल्या हातानं तो बसवला. नंतर कळलं की त्या घराण्याशी शब्दाचा काडीचा संबंध नाही. पण बसला तो बसला. शाम्पू तर आपल्याच चंपीतून गेला. बंगला गेला. जंगल गेलं. बुधवारच्या इंग्रजी नावात त्यांचा एक जुना देव आहे, त्याचंच अर्धं नाव आता कोणी उच्चारत नाही.

बाई पोरीसारख्या ऐकत होत्या. मध्येच “हो काय” म्हणायच्या, मध्येच टाळी द्यायला हात उचलायच्या. शाळेत असतानाही त्या अशाच ऐकायच्या हे सरांना आठवलं. कोणी पोरगं काही नवीन सांगू लागलं की बाईंच्या हातातला खडू थांबायचा.

“लय जमा केलं रे तू,” त्या म्हणाल्या. “लय कष्ट केले.”

सरांना बरं वाटलं. नंतर लगेच खिशातला कागद आठवला आणि बरं वाटणं निघून गेलं.

तेवढ्यात भिक्षेची वेळ झाली.

मठात जेवणाऱ्यानं फेरीला सोबत चालायचं, अशी या मठाची रीत होती. सरांना ती आधी ठाऊक असती तर ते जेवून आले असते. आता इस्त्रीच्या पँटमध्ये, नव्या चपला घालून, ते झोळी धरलेल्या म्हातारीच्या मागून गावातनं चालू लागले.

“काय बोलायचं असतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“दंडवत म्हणायचं. अन् काई नाही.”

“कोणाचं घर, ते विचारायचं?”

“नाही.”

“नको असलं तर?”

“घ्यायचं.”

पहिल्या दोन दारांतून भाकरी आल्या, थोडं वरण आलं. तिसऱ्या दारातली बाई घाईघाईनं बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं.

“थांबा जी बाई. शिलिंडर सपला न काल. चुलीवरची हाय भाकर, जराशीक करपली.”

शिलिंडर.

सरांचं तोंड उघडलं. ते त्यांच्या हातात नव्हतंच. यादीतला एकशे बारावा शब्द होता तो.

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

दारातल्या बाईनं भाकरी झोळीत घातली. वाफ निघत होती. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते आणि पाहुण्याकडे बघून ती जरा लाजून हसत होती.

“दंडवत,” सर म्हणाले.

पाच घरं झाल्यावर दोघं नदीवर आले. बाईंनी सगळं एकत्र केलं. भाकरीचे तुकडे, वरण, भाजी, कोणाकडची चटणी. मग तो गोळा फडक्यात धरून त्यांनी पाण्यातून काढला. चवीसाठी जेवायचं नाही म्हणून ही जुनी पद्धत. पूर्णेचं पाणी मुळातच मचूळ, तेव्हा चव जी काही उरली असेल तीही गेली.

पळसाच्या पानावर अर्धा वाटा सरांपुढे आला.

सर त्याकडे बघत राहिले. एवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिकलेल्या माणसाला असा प्रकाश फार लवकर पडतो.

“कळलं, बाई,” ते म्हणाले. “इंग्रजी भाषा म्हणजे अशीच झोळी. फ्रेंचांच्या घरची भाकरी, लॅटिनचं वरण, आपली चटणी. सगळं एकत्र झालं, आता कोणाचं काय ते ओळखू येत नाही. हेच तुम्हाला मला दाखवायचं होतं ना?”

बाईंनी घास चावून गिळला.

“मले तर भूक लागली होती, दामू. जेव.”

सर जेवू लागले. अळणी, ओला घास होता. पलीकडच्या काठाला एक म्हैस पाण्यात उतरत होती.

“शहरात गेला तवा हसले काय रे तुले?” बाईंनी विचारलं.

सरांनी तोंडातला घास कसाबसा गिळला.

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

“कॉलेजात पहिल्याच महिन्यात धडा वाचायला उभं केलं,” ते म्हणाले. “थडग्याचा शब्द आला. मी टॉम्ब म्हणालो.”

“मंग?”

“तो टूम आहे. ब बोलायचा नसतो. सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. तीन वर्षं मला टॉम्बच म्हणायचे. कॅन्टीनमध्ये, वसतिगृहात… निकाल लागला त्या दिवशी फळ्यावर माझ्या नावाच्या जागी कोणीतरी तेच लिहिलं होतं.”

बाईंनी हातातला घास परत पानावर ठेवला.

“तो मी देला होता तुले.”

“हो.”

“तीन वर्षं…”

“हो, बाई.”

बाई नदीकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले. सरांना वाटलं, नामस्मरण चाललंय.

“टॉम्ब,” बाई म्हणाल्या. “शफी मिस्त्री.”

“काय?”

“तो शब्द शफी मिस्त्रीचा. ओटे बांधे तो, कबरींचे. दोन साल हैदराबादेत काम केलं होतं त्यानं. तिथं पाटीवर पाह्यला म्हणे. मी त्याच्या दारात गेली, कागद दाखवला. तो म्हणे, बाई, टॉम्ब. लय खात्रीनं सांगतलं त्यानं.”

सरांना काही उमजेना.

“तुम्ही शफी मिस्त्रीच्या दारात कशाला गेला होता?”

“मंग कोणाच्या जाऊ?”

बाईंनी ओले हात पदराला पुसले आणि सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट होती.

इंग्रजीचे मास्तर बदलून गेले. दुसरा कोणी आला नाही. हेडमास्तरांनी पुस्तक आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, तुमच्याकडे शिवणाचे दोनच तास आहेत, हेही घ्या. बाईंचं शिक्षण सातवी आणि वर शिक्षिकेची सनद. इंग्रजीची अक्षरं तेवढी ओळखायच्या. शाळेत एक शब्दकोश होता, त्याला पहिली दहा पानं नव्हती.

“अर्थ सापडे त्यात,” बाई म्हणाल्या. “आवाज कोठी सापडन? शब्द समोर दिसे, पण तो बोलतात कसा ते कागद सांगे नाही. गावात इंग्रजी बोलणारा एक माणूस नव्हता. अन् सोमवारी तुमी चाळीस पोट्टे माया तोंडाकडे पाहत बसणार…”

म्हणून त्या शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की, पुढच्या आठवड्याचे शब्द कागदावर लिहून निघायच्या. दारोदार. जो कोणी कधी शहरात राहून आला, ज्यानं कधी इंग्रज साहेबाच्या हाताखाली काम केलं, ज्याच्या घरी इंग्रजी छापलेला एखादा डबा होता, त्याच्याकडे. हा कसा म्हणता जी? एवढंच विचारायचं.

“कोणी मले रिकाम्या हातानं नाही पाठवलं,” बाई म्हणाल्या. “ज्याले येत नव्हतं त्यानंबी देला.”

त्या हसल्या. सर हसले नाहीत.

शनिवारी दुपारी बाई गावभर फिरतात हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. बाईंना गप्पा मारायची खोड आहे, असं सगळी पोरं म्हणायची. तेही म्हणायचे.

बाईंनी पुस्तिका मांडीवर घेतली. पहिल्या रकान्यावरून त्यांचं बोट खाली सरकू लागलं.

“रिसिप्ट. पोस्टमास्तर दिघडे. डोक्यावरची टोपी काढून सांगतलं त्यानं, एवढा मान देला माया कागदाले… वेडनेसडे. पाटलाची धाकटी सून, मॅट्रिक होती. दारात उभी राहून कोणाशी बोलायची चोरी होती तिले, मी गेली की तिले बरं वाटे… प्लंबर. पंप दुरुस्त करणारा अंबादास… ऑलमंड. हा किराण्यावाल्या जेठाभाईचा. बदामाचा डबाच पुढे केला. एक बदामबी देला.”

“बाई, हे सगळं लिहून ठेवलं होतंत?”

“वही होती. दीक्षेच्या येळी देऊन टाकली. आता पाठ हाय.”

“पण भिक्षेत घर विचारायचं नसतं ना? तुम्हीच म्हणालात.”

“अन्न पचते, दामू. शब्द राहते.” त्यांनी बोट उचललं नाही. “कोलोनेल. हा कोणाचाच नाही. त्या शनिवारी ताप होता मले, घरीच बसून ठरवला. हा माया.”

बोट आणखी खाली आलं.

“हवर.”

तासाचा इंग्रजी शब्द. यादीतला सतरावा. ह बोलायचा नसतो, शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांनीही तो ह कधीच गिळून टाकला होता. सरांनी तिसऱ्या रकान्यात हे सगळं व्यवस्थित लिहिलं होतं.

“किसन भुयार,” बाई म्हणाल्या.

सरांनी मान वर केली.

“तुया बाप.”

“…बाबा?”

“कापसाच्या जिनिंगात गाठोडे उचले न तो. तिथला साहेब सुट्टी देताना म्हणे, हाफ हवर. रोज कानावर पडे त्याच्या. मी कागद दाखवला तर म्हणे, बाई, मले वाचता येत नाही, तुमी सांगा काय लिहेलं हाय. मी म्हटलं, तास. तर असा उभा राह्यला.” बाई बसल्या जागी ताठ झाल्या. “अन् म्हणे, तास म्हणजे हवर. मले येते हा. लेहून घ्या.”

सरांचा बाप जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्याला इंग्रजीतला एक शब्द येत होता हे सरांना आज कळत होतं. तो शब्द त्यांनी डाव्या, चुकीच्या रकान्यात घातला होता.

“घरी येऊन त्यानं सांगतलं नाही तुमाले?” बाईंनी विचारलं. “मले म्हणे, घरी सांगतो, मास्तरणीनं मायाकडून इंग्रजी नेली.”

“नाही,” सर म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. “बाई, हे मले तवाच काऊन नाही सांगतलं?”

‘मले’ हा शब्द त्यांच्या तोंडून वीस वर्षांत आला नसेल. बाईंनी तो ऐकला, पण काही दाखवलं नाही.

“तू इचारलं नाही.”

म्हैस आता मानेपर्यंत पाण्यात गेली होती. सरांनी खिशात हात घातला. घड्या घातलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला.

“पहिलं पान,” ते म्हणाले. “मी खोटं बोललो.”

बाईंनी घड्या उलगडल्या. वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागला, की सरांनाच तो वेळ फार मोठा वाटला, कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एका ओळीवर मात्र त्यांचा अंगठा जरा थांबला.

“बारा वर्षं लागली?”

“हो.”

“मंग खरंच हाय हे. मले येत नव्हतंच.”

त्यांनी कागद परत घेतला आणि फाडायला दोन्ही हात लावले.

“फाडतो काऊन? पाठकोरं हाय.”

सरांनी हात आवरले.

“पेन हाय न? लेहून घे. मी काई आता लय दिवसाची नाही.”

सरांनी कागद पालटला. पुस्तिकेचा पुठ्ठा खाली धरला. बाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. शब्द आणि त्याच्यापुढे माणूस. कंपाऊंडर. एसटीचा कंट्रोलर. मिशनच्या दवाखान्यातली आया. एक भजनी बुवा, ज्यानं इंग्रजी कधी ऐकलंच नव्हतं, पण बाईंना उन्हात उभं बघून आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मग विचार करून एक उच्चार दिला. तो उच्चार सरांना एका मुलाखतीत फार भोवला होता. त्यांनी बुवांचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं.

हवरपाशी त्यांचा हात थांबला. किसन, एवढं लिहून झालं होतं. पुढचं आडनाव त्यांचंच होतं, तरी ते लिहायला फार वेळ लागला. बाई थांबल्या. घाई केली नाही.

ऊन वर आलं. एकेचाळीस ओळी झाल्या. कागद भरला होता, तळाशी बोटभर जागा उरली होती.

सर उठले. नव्या चपला बाजूला काढून त्यांनी वाळूत लांब होऊन दंडवत घातला. इस्त्रीची पँट ओली झाली. बराच वेळ ते तसेच पडून राहिले. बाईंनी त्यांना उठवलं नाही.

ते आपणहून उठून बसले तेव्हा बाईंचं बोट पुस्तिकेच्या दुसऱ्या रकान्यावर होतं.

“आता हे सांग. रिसिप्ट नीट कसा म्हणतात?”

“राहू द्या, बाई. आता कशाला…”

“सांग न.”

“रिसीट,” सर म्हणाले.

“रिसिट.”

“थोडं लांब. सीट… रिसीट.”

बाईंचे पुढचे दात गेले होते. स निसटत होता. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा चुकल्या, गडव्यातलं घोटभर पाणी प्यायल्या, आणि पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखं, परत म्हणाल्या. या वेळी बरोबर आला.

सरांनी मान डोलावली.

बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि तळाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“लेही. रिसीट… दामू भुयार.”